अतिनील

मेहेर सिग्नलला बस वळली की
हात आपसूक पिशवीत जाऊन कोट चाचपतो.
एकवीस वर्षं झाली.
कोपरांवर तो आता हिरवट पडलाय,
परवा सून म्हणाली, आई, हा टाकायचा का?

लोकांना वाटतं मोठे खटले म्हणजे
दारात कॅमेरे, पायरीवर बंदोबस्त.
असतात, दोन दिवस.
बाकीचं आयुष्य मंजुरीच्या पत्राची वाट पाहण्यात गेलं.
साहेबावर खटला भरू का, हे साहेबाच्याच साहेबाला विचारायचं,
आणि फाइल मंत्रालयात जाऊन बसायची
पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्यासारखी.

नोटांना पावडर लावतात.
रंग नाही, वास नाही.
मग खोलीतले दिवे मालवायचे, खिडकीवर सतरंजी,
आणि दिव्याखाली धरायचा साहेबांचा उजवा हात.
मी सापळ्याला कधी गेले नाही, वकिलानं जायचं नसतं.
मी ती निळाई फक्त वाचली,
तडवी हवालदाराच्या तिरक्या अक्षरात, शेकडो वेळा:
'बोटांच्या पेरांवर निळसर चमक दिसून आली.'

निंबा सोनजे, पंच क्रमांक एक,
जिल्हा परिषदेत कनिष्ठ लिपिक.
खटला कालव्याच्या अस्तराचा,
काँक्रीट सव्वा इंच कमी, अभियंता सव्वा कोटी जास्त.
सोनजे पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला,
सही माझी आहे, पण मी तिथं नव्हतो.
फितूर जाहीर करून मी उलट विचारू लागले.
मुलगी कुठं शिकते?
ओझरजवळ, इंजिनिअरिंगला.
संस्था कोणाची?
तो माझ्याकडे बघत राहिला.
वर पंखा कुरकुरत होता.
प्रश्न बरोबर होता, आजही म्हणेन बरोबर होता,
पण रात्री भाकरी थापताना
तव्यावर त्याचं ते बघणं उमटायचं.

संशयाचा फायदा.
निकालानंतर त्यांची माणसं पेढे वाटत फिरली,
एक माझ्याही टेबलावर ठेवून गेली.
मी तो शिपायाला दिला. त्यानं खाल्ला.
कितींना सजा लागली, मला सांगता येणार नाही.
सुटलेले मात्र पाठ आहेत, शाळेच्या हजेरीसारखे.

आणि एक प्रकरण, ज्याला नंबर पडला नाही.
अण्णा गेले त्या वर्षी
मृत्यूच्या दाखल्यावर 'गायधनी'चा काना राहिला.
खिडकीतला माणूस म्हणाला, दुरुस्तीला महिना जातो, बाई.
दुसऱ्या दिवशी विम्याची मुदत,
पिशवीत हाच कोट, घडी घातलेला.
मी अर्जाखाली दोनशे रुपये सरकवले.
मागणी: नाही. तो फक्त घड्याळ बघत होता.
स्वीकार: होय.
हस्तगत: काही नाही.
काना लगेच लागला. निळ्या शाईत.

काल शरणपूर रोडच्या ऑफिसात निरोपाचा चहा होता.
कोर्टातून तशीच गेले, गळ्यातला बँडही काढला नव्हता.
तडवीही येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय.
म्हटलं, तुझा तो दिवा एकदा दाखव, मी बघितलाच नाही.
त्यानं मालखान्याचं दार लावलं, सतरंजी ओढली.
मी उजवा हात धरला.
काहीच नाही. नखं तेवढी फिकट.
दोनशेच्या नोटांना कुठं पावडर होती,
आणि त्यालाही आता चौदा वर्षं झाली.

मग खाली बघितलं
तर गळ्याशी बँड निळाभोर पेटलेला,
दोन्ही पट्ट्या, दोऱ्या-दोऱ्यानिशी.

'साबणानं होतं, मॅडम,' तडवी म्हणाला,
'पांढरं धुतलेलं सगळंच चमकतं याच्यात.
बंद करू? दिवा तापतो.'

थांब जरा, मी म्हटलं.