हरवलेल्यांची पेटी

तेरा जून. नऊ वाजताच डांबर मऊ पडतं बडोद्यात.
प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरांमागं, लिंबाखाली
बारकंसं चर्च, आणि आत आमचा संत अंतोनी
घामेजल्यासारखा उभा.
घाम नाही तो. रंग आहे,
मॅकवानच्या पोरानं आठवड्यापूर्वी दिलेला,
अजून वाळला नाही.

नऊ संध्याकाळी नोव्हेना. नऊही संध्याकाळी वीज गेली.
पंखा थांबला की फादर गुजरातीतून मराठीत येत,
जणू दोन भाषांच्या तारा वेगळ्या खांबांवरून आल्यात.

माझं काम पेटीशी.
हरवलेलं शोधून देणारा संत, म्हणून त्याच्या पायाशी
लाकडी पेटी, वरून चीर पाडलेली.
ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्या मी लिही.
चौथीत होते, अक्षर बरं होतं.

नथ. डावा मोती दुखावलेला.
काळी सायकल, घंटी नाही.
माझा वालजी, कुवेतला गेला, दोन वर्षं पत्र नाही.
बकरी. कपाळावर चांदणी.

सलाटवाड्यातल्या शालिनीताई चौबळ
कुंकू लावून येत, चपला पार फाटकाबाहेर काढत.
म्हणाल्या, लिही: झोप.
मी विचारलं, कुठं हरवली?
ते नको लिहूस, म्हणाल्या, त्याला ठाऊक असेल.

प्रवचनात दर साली तीच गोष्ट:
माणसं ऐकेनात, तेव्हा अंतोनी पाण्याकाठी गेला
आणि माशांनी डोकी वर काढून ऐकलं.
आमच्याकडं विश्वामित्री. तिच्यात मगरी.
धाकटा बेनेदिक्त विचारी, मगरी ऐकतील का गं?
ऐकतील की, आई म्हणायची,
पण आमेन होईस्तोवर थांबणार कोण तिथं!

उन्हं कलल्यावर मिरवणूक.
मेणबत्त्या पेटवण्याआधीच वाकलेल्या,
पुढं तीन टोपल्या अंतोनीचे पाव,
मागं बँड, आणि बँडमध्ये वर्षातून एकदा
शेडचा फिटर लाझरस शिणगारे, माझे बाबा,
कॉर्नेट घेऊन.

छोट्या लाईनच्या फाटकाशी डभोईची गाडी आडवी यायची.
खांदेकरी थांबत. संत थांबे.
ड्रायव्हर लांब शिट्टी देई
आणि बाबा तोच सूर उचलून पुढं नेत,
शेवटचा डबा जाईपर्यंत.
डब्यातले लोक हात जोडत. कुणाला, ते त्यांनाही माहीत नसावं.

त्या वर्षी बाबांचे पुढचे दोन दात नव्हते.
शिट्टी झाली. बाबांनी कॉर्नेट ओठाला लावलं,
नुसती हवा आली, फुटक्या भात्यासारखी.
मिनेझिसनं ढोल जोरात बडवला. बरं केलं.

रात्री पेटीपाशी आले, मी पेन्सिल आवरत होते.
लिही, म्हणाले. दोन दात.
मी लिहिलं.
खोड ते.
मी खोडलं.
बराच वेळ पितळेच्या बटणांशी चाळा करत राहिले.
लिही: वरचा सा.

चौदा तारखेला जुझेकाका पेटी उघडतात.
वाचायची नाही एकही, असा दंडक.
घमेल्यात जाळतात, राख पत्र्याच्या डब्यात,
वर्षभर समया आणि घंटा घासायला.
मूठभर बाबांनी मागून आणली.

पायरीवर बसून चिंच आणि राखेनं
कॉर्नेट घासत राहिले दुपारभर, वाजणार नव्हतं तरी.
नथ, सायकल, वालजी, शालिनीताईंची झोप,
सगळं त्यांच्या अंगठ्याखालून काळं होऊन ओघळलं.
मी वाकून पाहिलं: माझं अक्षर कुठं दिसतंय का?
दिसलं ते माझंच नाक,
भोंग्यात हे एवढं मोठं.

बकरी मात्र सापडली. सोळा तारखेला,
चर्चच्याच मागं,
उरलेले पाव खात.