जिन्याखालची खोली

दोंडाईच्याच्या सरकारी दवाखान्यात
एक्स-रेच्या शेजारून जिना चढतो
आणि जिन्याच्या पोटात, वाकूनच शिरावं लागेल अशी
उखर्डूआप्पांची खोली.
पाटी नाही. कुलूप आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी काम सांगितलं नाही,
आधी वास घ्यायला लावला.
"काय येस?"
मी म्हटलं, काहीच नाही.
"मंग बरोबर शे. ज्या दिन वास येई
त्या दिन आपलं चुकनं."

भिंतीला खिळे, खिळ्यांना रंग.
लाल दांडा संडासाचा, निळा वॉर्डाचा,
हिरवा ऑपरेशनच्या खोलीचा, आणि तो हिरवा
ते स्वतःच्या डब्यासारखा जपत.
मॉप जमिनीला टेकवायचा नाही,
टांगायचा, झिपऱ्या मोकळ्या सोडून,
न्हाऊन उन्हात बसलेल्या बाईसारखा.
खराटा हीर वर करून.
"हीरवर उभा करा का वाकस,
वाकना का कोपरा सोडी देस."
मशीनची वायर आठाच्या आकड्यात,
खालचा गोल ब्रश रात्री काढून ठेवायचा,
नाहीतर वजनाखाली केस चेपतात त्याचे.
बादल्या पालथ्या. हातमोजे उलटे करून.
ब्लीचचा कॅन या भिंतीला, ॲसिडचा पलीकडे,
"या जावा शेतस, एक चूलवर नही."

फाल्गुनात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात.
ऊन चांगलं म्हणून मी शहाणपणा केला,
धुतलेले सात मॉप गच्चीवर वाळत घातले.
दुपारी वारा फिरला.
मग बाळंतिणींचा वॉर्ड पुसायला घेतला आणि
अकरा बाया, नऊ तान्ही पोरं, एक सिस्टर
एकदमच शिंकायला लागली.
टाक्यांवर हात दाबून बाया शिंकत होत्या,
हसू आलं की दुखत होतं, दुखलं की मला शिव्या देत होत्या.

आप्पा काही बोलले नाहीत.
सातही मॉप तीन पाण्यांतून काढले,
चौथ्यानंतर एकेका झिपरीला नाक लावलं,
खोलीत आणून पंख्याखाली टांगले.
जाताना एवढंच,
"ऊन ते चांगलंच. वारा कोठून येस ते देख."

त्यांच्या आधीची तीन गेली होती,
म्हणून जन्मल्या जन्मल्या आईने उकिरड्यावर ठेवलं,
मावशीने पसाभर बाजरी देऊन परत विकत घेतलं.
"केरमां टाकं म्हनीसन वाचनू,"
हे ते खराट्याचा बंद आवळताना सांगत,
दातात सुतळी धरून,
त्यामुळे अर्धं कळायचं.

एकतीस मेला चार्ज दिला.
लाल चार, निळे नऊ, हिरवे दोन.
वायपर सहा, त्यातल्या दोघांचं रबर उलटून लावलेलं.
मशीन एक, वय अठरा, चालू.
सगळं वहीशी जुळलं,
उरला एक खराटा, झिजून वीतभर झालेला,
कुठल्याच पानावर नसलेला.
याचं निर्लेखन करायचं का, साहेबांनी विचारलं.
आप्पांनी तो तळहातावर आपटला, हीर सारखे केले.
"मोरीना तोंडमां हाऊच जास,"
आणि परत खिळ्याला अडकवला.

किल्ली आता माझ्याकडे असते.
काल कंत्राटावरचा नवा पोरगा आला, जितू पावरा,
गमबूट त्याला दोन नंबर मोठे.
दारात उभा करून विचारलं,
काय वास येतोय?
"मिरचीचा," तो म्हणाला.
माझ्या पोटात गोळा.
तीन जिने चढून गच्ची पाहिली, रिकामी होती.
एकेक मॉप हुंगला. काही नाही.
मग त्याच्या जवळ गेले.
त्याची आई पथारीवर देठ खुडते,
सकाळी त्याने तिचे डबे उचलले होते.
शर्टालाच होता तो.

म्हटलं, बरोबर आहे.
आधी हात धू. डोळ्याला लावू नको.