टाचण्यांचा हिशोब

तुस्कानियाजवळच्या पडक्या मठात शूटिंग होतं,
चारशे वर्षांपूर्वीच्या पापाचा, फजितीचा सिनेमा.
माझ्याकडे कपडेपट. चाळीस जोगिणींचे झगे,
एक बिशप, आणि जोगिणीच्या वेषात लपलेला प्रियकर,
त्याची दाढी दर दोन तासांनी निळसर उगवायची.
माणशी सहा टाचण्या. संध्याकाळी मोजून परत.

गावातल्या बाया रोजावर आल्या होत्या.
कुणाचं शिरोवस्त्र कानावर, कुणाची बट बाहेर,
एकाच आरशापुढे रेटारेटी, खिदळणं.
एर्सिलिया आरशाकडे पाठ करून उभी.
तिनं झगा उचलला, गळ्याच्या शिवणीला ओठ टेकवले,
मग घातला.
टाचण्या दातांत धरून, न बघता,
सहाही जागच्या जागी.

मी काही विचारलं नव्हतं.
"धुणं करायचे मी," ती म्हणाली, "बोल्सेनाच्या मठात."
धुणाऱ्या बाईला एवढं येत नाही.
मी मान डोलावली.

सहायक ओरडला, "ए, तू! जरा जोगिणीसारखी चाल!"
ती थांबली. मग आणखी हळू चालली,
त्याला हवं होतं तसं.

दुपारी मोठा प्रसंग. बिशप पांघरूण ओढतो,
पलंगाखालून प्रियकर निघतो, जोगिणी किंचाळतात.
एकोणचाळीस किंचाळल्या.
एर्सिलिया वळली, तिनं दार लावून घेतलं.
आतून. कडीसुद्धा.

"कट! कडी कुणी सांगितली, बाई?"
"अशा वेळी आधी दार लावतात," ती म्हणाली.
"आरडाओरडा बाहेरचे करतात. नंतर."
दिव्यांमागे कुणीतरी फिसकन हसलं.
दिग्दर्शकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"असेल. पण तिकीट लोक किंचाळीचं काढतात."

दुसऱ्या टेकला ती किंचाळली.
कट झाल्यावरही थोडी उरली होती,
ती गिळायला तिला वेळ लागला.
ध्वनिमुद्रकानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

संध्याकाळी तीन हजार लिरा,
फुलाफुलांचा फ्रॉक, प्लास्टिकची चप्पल, साडेसहाची बस.
झग्याची घडी अशी घातलेली,
की आत कधी कुणी होतं असं वाटू नये.
पाच टाचण्या.
मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे.
बाहेर बसवाल्यानं हॉर्न दिला.

वहीत लिहिलं, एक हरवली.
पडक्या मठात फटी पुष्कळ.

पुढे गावच्या पाद्र्यानं सिनेमा पाहू नका म्हणून बजावलं,
म्हणून सगळा गाव विटेर्बोला जाऊन पाहून आला.
मीही पाहिला. शेवटच्या रांगेत, लोक पोट धरून हसत होते.
त्या प्रसंगात, बिशपच्या खांद्यामागे,
दार बंद आहे.
कुणी लावलं, ते दिसत नाही.