सोडताना

आडनाव लिहितात लांबलचक, म्हणतात नुसतं कोकली.
मला दर वेळी हसू येतं, कारण माझ्या भाषेत
कोकलतात ते गळा काढून,
आणि ही बाई तर खुर्चीत हूं की चूं करत नाही.

डोरीन कोकली, अठ्ठ्याहत्तर, बर्स्लेम.
एकतीस वर्षं कप वाजवले तिने कारखान्यात:
भट्टीतून आलेला प्रत्येक कप बोटांवर तोलून
काडीची एक टिचकी.
खणखणला तर फळीवर,
बद्द वाजला तर टोपलीत.
"म्हणजे तू माझंच काम करतेस," पहिल्या भेटीत म्हणाली.
मी म्हटलं, आमच्याकडे मडकंही वाजवूनच घेतात.

आजची तक्रार: खालची उजवी दाढ.
कधी दुखते, कधी नाही.
ओटकेकला नाही, टोस्टच्या कडेला कधीतरी.
एक्स-रे स्वच्छ. तडा त्यात सहसा सापडत नाही.

मी दिवा मालवते,
दाताच्या कुशीला बारीक उजेड टेकवते.
पुढच्या दातांवर उभ्या रेषा, केसाएवढ्या,
जुन्या बशीच्या झिलईवर असतात तशा.
उजेड त्यांतून आरपार जातो. असू देत त्या.
"क्रेझिंग," तोंडात आरसा असतानाच ती म्हणते,
"आम्ही क्रेझिंग म्हणायचो."
आम्हीही तेच म्हणतो.

पण दाढेपाशी उजेड अडतो.
अलीकडे उजाडलेलं, पलीकडे संध्याकाळ,
मधे एक रेघ.

प्लास्टिकची पाचर दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून
म्हणते, चावा.
काही नाही.
सोडा.
आणि सोडताना
ती खुर्चीचा हात घट्ट धरते.

हीच खूण. दाबाखाली फट उघडते,
दाब सुटला की मिटते,
आणि मिटताना आतल्या नसेला कळतं.

"रात्री दात खाता का झोपेत?"
"मला काय ठाऊक? ज्याला ऐकू जायचं
तो आता हॅनलीच्या केअर होममध्ये आहे."
त्याला तिथे जागा मिळावी म्हणून
दहा महिने काउन्सिलला फोन.
दाताच्या कण्या करणं म्हणतात याला आमच्यात.
मी तिला हे सांगत नाही.
चार्टवर दाढेचा नंबर लिहिते.

मग नेहमीचं सांगते. दाढेला क्राऊन घालू,
दोन्ही भिंती एकमेकींना धरून राहतील.
रात्री गार्ड. बर्फ चावायचा नाही,
शिवताना टाचण्या दातांत धरायच्या नाहीत
("त्या कोणी सांगितल्या तुला?"),
वाफाळता चहा आणि लगेच आइसक्रीम, हेही नको.
आणि दिवसा एवढंच बघायचं:
ओठ मिटलेले, दात सुटे.

"आपोआप नाही का भरत?"
हाड सांधतं, कातडी धरते. एनॅमल नाही.
दात हिरडीतून वर येईस्तोवर
ते घडवणारे कारागीर संपलेले असतात.
"आमच्या कारखान्याचं तेच," ती म्हणते,
"आता फ्लॅट झालेत तिथे."

"आणि तडा मुळापर्यंत गेला असला तर?"
तर दाढ काढावी लागेल.
आज नाही सांगता येत.
ती मान हलवते. टोपलीत किती कप गेले
हे तिला माझ्याहून जास्त माहीत आहे.

निघताना गुळणीचा कप उचलते,
सवयीनं एक टिचकी मारते.
प्लास्टिक. ठप्प.
"याला मेल्याला काही होणार नाही," म्हणते,
आणि बटणं लावून, छत्री शोधून, गुरुवारची वेळ घेऊन जाते.

दार लागतं.
तेव्हा कुठे लक्षात येतं,
माझ्याही खालच्या दाढा वरच्या दाढांवर
केव्हाच्या घट्ट बसल्यात.
जीभ मधे सरकवते.
सोडते, हळूच.
पुढचा पेशंट.