कलम सहा

आमच्या सोसायटीचा उतार पोडियमवरून थेट गेटपर्यंत,
बिल्डरनं जणू त्या फळीसाठीच बांधलेला.
खारघरात असे उतार पुष्कळ.
फळीला चाकं चार, पोटात बॅटरी,
आणि आवाज नाही.

कडूआजोबांना ती ऐकू आली नाही.
उजव्या कानानं त्यांना कमीच येतं,
पण ऐकण्यासारखं होतं तरी काय?
दुधाची पिशवी फुटली, मनगट वाचलं.
सी विंगची यशोधरा
तिथंच, दुधात उभी.

कमिटी म्हणाली, बंदी घाला.
सेक्रेटरी मी. सही माझी, शिक्का माझा.
‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’
इथवर आलं आणि पेन अडलं.
ज्यावर कधी पाय ठेवला नाही
त्यावर बंदी?

रात्री साडेअकरा, तळघरातलं पार्किंग.
जप्त फळी माझ्याच ताब्यात होती.
डोक्यावर मुलाचं क्रिकेटचं हेल्मेट, वय बावन्न.
एक पाय. मग दुसरा.
रिमोटचं बटण अंगठ्याखाली जरासं,
आणि खांब आपणहून चालू लागले,
बी-चौदा, बी-पंधरा, बी-सोळा,
कानाशी वारा.
तळघरात वारा!
बी-एकवीसपाशी कुणी गाडी धुतली होती.

रामसुमेर शिट्टी फुंकत आला.
‘मॅडम, चोर था क्या?’
म्हटलं, हो. पळाला.

आता नोटीस लिफ्टशेजारी आहे.
हेल्मेट हवंच. उतारावर नको.
क्लबहाऊसमागचं अंगण पाच ते सात खुलं.
चार्जिंग जिन्यात नको, सगळे झोपल्यावर तर नकोच.
ओल्या फरशीवर मुळीच नको.
हे कुठून सुचलं, खजिनदारांनी विचारलं;
मी गुडघ्यावरची ओढणी सारखी केली.

सहावं कलम यशोधराचं:
फळीला घंटा हवी.
ती कडूआजोबांनीच दिली, माळ्यावरून काढून,
त्यांच्या पवळ्याच्या गळ्यातली.
पवळ्या चालायचा ते खाचर
आमच्या बी विंगखाली कुठंतरी आहे,
नक्की कुठं, ते आजोबा दर वेळी वेगळं सांगतात.

पाच वाजले की अंगणात घंटा वाजते.
बाकावर आजोबा डावा कान तिकडे करतात,
पाय जवळ ओढून घेतात,
गरज नसली तरी.

मी वर, खिडकीत. गॅसवर चहा.
अंगठा उगाच
बटण शोधत असतो.