तेरा टक्के

वर्लिननं ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली,
चार दाणे दाढेखाली.
"तेरा टक्के. चला."
मीटर नंतर आलं. तेरा पूर्णांक एक.

कॅन्ससची दुपार फोटोला नालायक,
सपाट, पांढरी. मी उजेड उतरायची वाट पाहिली.
गव्हाला तेवढी सवड नव्हती,
पश्चिमेला गारांचा ढग.

मग रात्री साडेअकरापर्यंत कम्बाइन.
दिव्यांच्या झोतात नुसता भुसा,
कॅमेऱ्याला कळेना नजर कुठं ठेवू.

दोनशे दहा फोटो. वर्लिन सगळ्यांत पाठमोरा.
एकात तेवढा ट्रकच्या आरशात अर्धा चेहरा:
डोरीन पहिल्यांदाच स्टिअरिंगवर,
आणि हा बघतोय.

"तो पुसून टाक," म्हणाला,
"पट्टा वाकडा कापलाय तिनं."

नाही पुसला.
कॅमेऱ्याच्या वादीत एक कुसळ राहिलंय,
मानेला टोचतं.