इतिवृत्तात नाही

तीन चांदण्या दिसल्यावरच वही उघडली.
त्याआधी शब्बाथ, पेनाला हात नाही.
चांदण्या मोजतात हनोखमामा, गच्चीवरून,
आणि उद्यमनगरच्या धुरात
तिसरी त्यांना कधीच वेळेवर सापडत नाही.

पुरुष मंडळ, कोल्हापूर. हजर सात.
वाक्रूळकर, चिंचोलकर, दोघे नवगावकर,
सातवा मी, पाणीपट्टी वसुलीतून निवृत्त,
अक्षर बरं म्हणून चिटणीस.
आडनावांत कोकणातली गावं,
तोंडात मात्र रांगडी कोल्हापुरी.
पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
मिरजेची गाडी वेळेवर आली तर नऊ होतो,
इचलकरंजीच्या सिम्सनला सुट्टी मिळाली तर दहा.

विषय पहिला : मोडक्या खुर्च्या. पुढे ढकलला.
विषय दुसरा : शालोम बरा होऊन घरी आला, मलिदा करणे.
सूचक हनोख, अनुमोदक सगळेच.

आता, मलिदा आजवर बायकांनी केला.
आम्ही फक्त बसायचो, आमेन म्हणायचो, खायचो.
पण शालोमची बायको सोळा रात्री जागून
भिंतीला टेकली की झोपत होती.
तेव्हा ठरलं, आपण करायचं.
"नारळ खवायला काय पैलवान पायजे व्हय?"
हे बोलला तो आशेर,
आणि विळीवर पहिलं बोट कापलं तेही त्याचंच.

धाकटा नवगावकर म्हणाला, साखर घाला, पेणला तशीच घालतात.
"गुळाच्या गावात साखर?
मार्केट यार्डात तोंड दाखवू का नको मी?"
हनोखमामांनी ढेप आणली, बत्त्यानं फोडली,
खडे कपाटाखाली गेले, वहीवर आले.
पोहे भिजत घातले आणि
सगळे खुर्च्यांवरून भांडत बसले.
पोह्यांचा लगदा.
दुसरे भिजवले.

त्या सोळा रात्रींचं वहीत काही नाही.
दवाखान्याच्या जिन्याखाली पाळ्या लावल्या होत्या,
कागदावर नव्हत्या, ज्यानं त्यानं ठरवल्या होत्या.
आशेर आणि शालोम नऊ वर्षं बोलत नव्हते,
साडेतीन हजारांच्या हिशेबावरून.
तो हिशेब वहीत आहे, पान एकेचाळीस.
पण तीन रात्री मी पाहिलं,
आशेर घोंगडी घेऊन यायचा बारानंतर,
चपला उशाशी ठेवायचा
आणि दूधवाल्याच्या आधी निघून जायचा,
म्हणजे पेशंटच्या घरच्यांना कळू नये.
मला म्हणाला, "तू लिहितोस म्हणून सांगतो,
हे लिहू नकोस."

एलियाहूचं नाव घेतलं.
अलिबागेकडच्या कातळावर
त्याच्या रथाच्या खुणा आहेत म्हणतात.
एवढा लांब आला होता तर
चार घाट आणखी चढून इकडेही यावा कधी,
असं मला दरवेळी वाटतं.
सब्जाची डहाळी हातोहात फिरली,
प्रत्येकानं हुंगली, पुढे दिली.
त्या दिवशी आठच होतो.
बरं झालं, मलिद्याला दहा मोजत नाहीत.

शालोम उशी छातीशी धरून बसला होता,
खोकला आला तर टाका ताणू नये म्हणून.
घास घेतला. सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होते.
"पोहे लई भिजल्यात," तो म्हणाला.
कोणाकडे बघून म्हणाला नाही.
आशेर पट्टी बांधलेलं बोट वर करून,
"मग पुढल्या वेळी तू कर की."
"करतो की."
नऊ वर्षांत एवढंच. मग केळं सोलून
एकानं दुसऱ्याच्या ताटलीत अर्धं ठेवलं.
कुणी कुणाच्या, ते मी सांगणार नाही.

इतिवृत्तात लिहिलं : कार्यक्रम खेळीमेळीत पार पडला.
खुर्च्यांचा विषय पुढील सभेत.
खाली सही, तारीख.

त्या पानाला गूळ लागलाय.
सही आणि तारखेच्या मधे जी कोरी जागा आहे,
तिथे मुंग्या येतात.
पुसायला फडकं घेतलं होतं,
राहू दिलं.